डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि सिन्नरला गेलेली आई

नाशिकरोडच्या एका मुलाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"बाबा नोटांच्या प्रेसमधून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. गेले सहा महिने त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली आहे. वस्तूचं नाव, वजन, डबा उघडल्याची तारीख आणि ती वस्तू कधीपर्यंत पुरली पाहिजे ती तारीख. हिंग अठरा दिवस आधी संपला, तेव्हा त्यांनी आईकडे लेखी खुलासा मागितला. आईने पिशवी भरली आणि सिन्नरला मावशीकडे निघून गेली. पाच आठवडे झाले. मी चिठ्ठ्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, तेव्हापासून सगळे हसून लोळताहेत. आम्हीही हसतो. पण आई परत येत नाही. हे हसण्यावारी न्यायचं की काही करायचं? आणि अशी भांडणं समेटाकडे वळतात ती कशाने?"

मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं कुटुंबांचं समुपदेशन करते. पुढे जी उदाहरणं देणार आहे, त्यांतल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलते. ते फोटो आजच काढून टाका आणि काढल्याचं बाबांना स्वतः सांगा. पाच आठवडे आई परतली नाही त्यात हिंगाचा वाटा आहे, तसा त्या फोटोंचाही आहे. आता ती परत आली तर ती "हिंगावरून गेलेली बाई" म्हणून येणार आणि बाबांनी चिठ्ठ्या काढल्या तर ते "ग्रुपवर हरलेले काका" होणार. भांडण दोघांत असतं तोवर दोघांपैकी कुणीही एक पाऊल मागे घेऊ शकतं. चाळीस जण बघायला बसले की पाय उचलत नाही.

माझ्याकडे घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची जोडपी येतात, तशी फ्रिजच्या कप्प्यावरून, देवघरातल्या समईवरून, टीव्हीच्या आवाजावरून अबोला धरलेली माणसंही येतात. ही दुसरी माणसं ओशाळून बसतात. "मॅडम, कारण ऐकून हसू नका" हे त्यांचं पहिलं वाक्य. सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांना म्हणायचे, समईचं राहू द्या, मनात खरं काय आहे ते सांगा. माणूस गप्प व्हायचा. ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली तीच मी बाजूला सारलेली असायची. आता मी समईबद्दलच विचारते. कुणी आणली, कोण घासतं, वात कोण करतं, तेल कोण घालतं. पाऊण तास समईवर बोलणं झालं की त्या घरात कोण कुठे उभं आहे हे मला दिसू लागतं. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: ज्या वस्तूवरून भांडण पेटतं, कलाटणीही बहुतेक वेळा त्याच वस्तूतून मिळते. समोरासमोर बसून मन मोकळं करून झालेले समेट मी पाहिले आहेत, पण मोजके.

एक जोडपं सांगते. नवरा पंचवटी एक्सप्रेसचा पासधारक. ही गाडी १९७५ पासून मनमाड आणि नाशिकच्या नोकरदारांना सकाळी मुंबईला नेते आणि रात्री परत आणते. नाशिकरोडच्या कितीतरी घरांचं वेळापत्रक तिच्यावर चालतं. ह्यांचं एकवीस वर्षं चाललं. बायको पहाटे चारला उठायची, नाश्त्याचा एक आणि जेवणाचा एक असे दोन डबे भरायची. रात्री दहाला तो घरी, जेवून झोप. मग त्याला नाशिकमध्येच, अंबडला काम मिळालं. घरी आनंदीआनंद झाला आणि तिसऱ्या आठवड्यात दोघांचं बोलणं बंद. कारण काय, तर गरम पोळी. तो म्हणे, एकवीस वर्षं गार पोळी खाल्ली, आता तरी ताटात तव्यावरची पडू दे. ती म्हणे, एकवीस वर्षं चारला उठले, आता दोन्ही वेळच्या पोळ्या सकाळीच करून ठेवणार. त्याने स्वतः तवा ठेवला, तर तिने गॅस बंद केला. सासूबाई सुनेच्या बाजूने, मुलगी बापाच्या बाजूने, आणि शेजारी पोळीभाजी केंद्राचा नंबर देऊन गेले.

दोघं माझ्याकडे तीन वेळा आली. मी तवा, कणीक, वेळ सगळं विचारलं. शेवटी डब्याबद्दल विचारलं: नाश्त्याचा डबा तुम्ही गाडीत खायचा का? तो म्हणाला, "मी कुठला खातोय, कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत रिकामा व्हायचा. आमचा आठ जणांचा ग्रुप." हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, डबा रिकामा येतो म्हणजे ह्यांना आवडलं असावं, पण तोंडाने कधी बोलत नाहीत.

पुढच्या महिन्यात त्या ग्रुपमधल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. ती जायला तयार नव्हती. मुलीच्या आग्रहाने गेली. तिथे एक अनोळखी गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "तुम्हीच का मेथीच्या वड्यांच्या वहिनी?" मग दुसरे आले. तिसऱ्यांनी आपल्या बायकोला बोलावून ओळख करून दिली. कुठल्या वारी काय यायचं हे त्यांना पाठ होतं. एकाने सांगितलं, त्याची आई वारली तेव्हा दहावा होईपर्यंत ह्या वहिनींचा नवरा रोज आपला डबा आधी त्याच्यापुढे धरायचा. ती घरी आली, त्याला काही बोलली नाही. रविवारी तिने मेथीच्या वड्या केल्या आणि म्हणाली, त्या सगळ्यांना जेवायला बोलवा. त्या दिवशी पोळ्या त्याने भाजल्या, आठ जणांना तव्यावरच्या. गरम पोळीचा प्रश्न नंतर त्या घरात निघाला नाही. त्याने कधी एका शब्दाने माफी मागितली नाही, हेही तिने मला सांगितलं आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

दुसरं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. दोन सख्खे भाऊ. वाटणी झाली, सातबारा वेगळे झाले, विहीर सामाईक राहिली. इतर हक्कात "विहिरीत निम्मा हिस्सा" अशी नोंद आली. पण दिवसाची वीज कुणाची हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. शेतीपंपाला थ्री फेज काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. दिवसाची पाळी ज्याच्या वाट्याला आली त्याची झोप पूर्ण होते, दुसरा रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर. थोरल्याने एके दिवशी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं. धाकट्याने त्याच कडीत आपलं कुलूप अडकवलं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय मोटर कुणालाच चालू करता येईना. हे दोन वर्षं चाललं आणि बाग तरी जळली नाही. कारण दोघी जावा पाण्याच्या पाळीनुसार गुपचूप किल्ल्यांची अदलाबदल करायच्या. प्रत्येक भावाला वाटत होतं की आपण दुसऱ्याच्या कुलपाची डुप्लिकेट किल्ली मिळवली आहे आणि दुसऱ्याला पत्ता नाही.

धाकटी जाऊ माझ्याकडे आली ती ह्या चोरट्या कामाला कंटाळून. मी तिला महिन्याभराचं कॅलेंडर भरून आणायला सांगितलं: वीज कधी, पाणी कुणी दिलं, रात्री कोण जागं होतं. कॅलेंडर भरून आलं तेव्हा ती स्वतःच बघत राहिली. ज्या रात्री धाकट्याची पाळी, त्या रात्री थोरलाही जागा. थोरल्याची पाळी, तर धाकटा ओट्यावर. एक पाणी भरायला, दुसरा त्याने वेळेपेक्षा जास्त घेतलं तर पकडायला. दोन भाऊ दोन वर्षं रोज रात्री एकमेकांची बॅटरी बघत बसले होते.

निफाडच्या गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. एका रात्री धाकटा विहिरीवर गेला आणि पेटीपासून दहा-बारा पावलांवर बिबट्या बसलेला. हा मोटरघराच्या पत्र्यावर चढला. बॅटरी खाली पडली, चालूच राहिली. थोरला ओट्यावर बसून पाहतच होता. उजेड हलेना हे त्याला लगेच खटकलं. त्याने ट्रॅक्टर काढला, दिवे आणि हॉर्न चालू ठेवून बांधावरून थेट विहिरीवर आणला. बिबट्या उसात गेला. धाकट्याने मला नंतर सांगितलं, "दादा इतक्या लवकर कसा आला, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने एवढंच म्हटलं, रात्री एकट्याने जायचं नाही. मग दोघंही जाऊ लागले, आज ह्याच्या पाण्याला, उद्या त्याच्या. एक कुलूप पेटीला राहिलं. दुसरं आता गोठ्याला आहे.

बिबट्या मी पाठवू शकत नाही, हे उघड आहे. पण पाळत ठेवणारा भाऊ जागा होता म्हणून मदत वेळेत पोहोचली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या घरात माणसं एकमेकांचा हिंग मोजतात, पोळीचं तापमान बघतात, बॅटरीचा उजेड बघतात, त्या घरात अजून एकमेकांकडे लक्ष आहे. मला धास्ती वाटते ती चार माणसं चार खोल्यांत निवांत असलेल्या घरांची.

आता तुमच्या घराकडे येते.

नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस १९२८ पासून चालू आहे. तिथे कागदाच्या प्रत्येक तावाचा हिशेब लागावा लागतो. असं काम तीस-पस्तीस वर्षं केलेल्या माणसाच्या लेखी मोजणं म्हणजे प्रामाणिकपणा. अंदाज म्हणजे ढिलाई. एक दिवस हार, नारळ, शाल मिळाली आणि दुसऱ्या सकाळपासून मोजायला काहीच उरलं नाही. त्यांनी घरात शोधलं आणि मोजता येईल असं सगळ्यात जास्त सामान स्वयंपाकघरात सापडलं. तुमच्या बाबांनी तुमच्या आईला दुखवायला चिठ्ठ्या लावल्या असतील असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना येतं ते सगळ्यात चांगलं काम त्यांनी घराला देऊ केलं.

आणि आई? ती इतकी वर्षं त्याच ओट्यावर अंदाजाने उभी आहे. २०१५ च्या सिंहस्थात तुमच्याकडे पाहुणे उतरले असतीलच. नाशिकमधलं कुठलं घर सुटलं होतं? सकाळी सहा पानं सांगितलेली आणि दुपारी चौदा बसलेली. भात कमी पडला नसेल, आमटी उरली नसेल. तेव्हा बाबा ड्युटीवर होते. तिचं कसब त्यांनी कधी होताना पाहिलेलंच नाही; ताटात आलेलं पाहिलं. त्या कसबाकडे "खुलासा" मागितला गेला. ऑफिसात खुलासा कुणाकडून मागतात हे तिलाही कळतं. म्हणून ती गेली, आणि माझ्या मते गेली ते बरं केलं. रोज कुढत बसली असती तर हे पत्र पाच वर्षांनी आलं असतं आणि तेव्हा प्रश्न वेगळा असता.

पुढचं काही करण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्यांत चालढकल नको.

पहिली, चिठ्ठ्या मोजण्यासाठी आहेत की विसरू नये म्हणून? तुमच्या पत्रावरून चिठ्ठ्यांवर वजन आणि तारखा आहेत, म्हणजे बहुधा मोजण्यासाठीच. पण बाबा तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारतात का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का, बिल दोनदा भरतात का, आयुष्यभर हाताळलेल्या वस्तूचं नाव आठवेनासं होतं का, हे आठवडाभर शांतपणे बघा. असं काही दिसलं तर समुपदेशकाआधी डॉक्टर. उतारवयात अचानक बदललेल्या सवयींना घरचे लोक "स्वभाव" म्हणतात आणि मोलाचे महिने वाया जातात. निवृत्तीनंतरचं नैराश्यही असंच चिडचिडेपणाचा वेश घेऊन येतं. झोप आणि भूक कशी आहे ते विचारा.

दुसरी, आईला बाबांची भीती वाटते का? राग वेगळा, भीती वेगळी. पैसे अडवणं, फोन काढून घेणं, हात उगारणं, माहेरी जाऊ न देणं यांतलं काहीही असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. तिथे वळणाची वाट बघायची नसते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. मावशींना एकट्याने विचारा. त्यांना माहीत असेल.

नातेवाइकांपैकी कुणी वकिलाचं नाव सुचवलं असेल तर आत्ता त्याची गरज नाही. कौटुंबिक न्यायालयाचा १९८४ चा कायदासुद्धा न्यायाधीशाला आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतो. कुणी मधे बसायला हवंच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना त्यांची मदत विनामूल्य मिळते, उत्पन्न कितीही असो.

आणखी एक. "बाबांच्या छातीत दुखतंय" असा खोटा फोन करून आईला आणू नका. हा उपाय मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी अभिमानाने सांगतं. माणूस धावत येतो, खोटं उघडं पडतं, आणि पुढच्या वेळी खरंच दुखलं तर तो फोनवर आधी विचार करतो. एका घरात असं झालेलं मी पाहिलं आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

चिठ्ठ्या काढू नका. तुम्ही काढल्यात तर बाबांना निवृत्तीचा समारंभ दुसऱ्यांदा झाल्यासारखं होईल. त्याऐवजी एक किचनमधला वजनकाटा आणा, ग्रॅमपर्यंत मोजणारा, डिजिटल. मावशींकडे उन्हाळ्याचा काळा मसाला व्हायचा असेल. सिन्नरला त्या आणि आई मिळून करतील, डंकावर कुटून आणतील. बाबांना सांगा की आईच्या मसाल्याचं प्रमाण घरात कुणाकडेच लिहिलेलं नाही. हे खरंच असेल. तुमच्या बायकोला, तुमच्या बहिणीला, कुणालाच ते नीट माहीत नसणार. आईला विचारलं तर ती म्हणेल, "अगं, मूठभर धणे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दगडफूल दिसेल तेवढं, आणि कांदा-खोबरं रंग येईस्तोवर भाजायचं." लिहून घेणाऱ्याने डोकं धरावं असं हे प्रमाण. ते ग्रॅममध्ये आणणं हे पस्तीस वर्षं ताव मोजलेल्या माणसाचं काम आहे.

बाबांनी एकट्याने जावं. एसटीने जावं, तुम्ही गाडीने सोडू नका. सोडायला गेलात की तुम्ही आत बसणार आणि बोलणार. त्यांनी "घरी चल" हा विषय काढायचा नाही. आईने कढईत टाकण्याआधी तिची मूठ काट्यावर धरायची, आकडा लिहायचा, मूठ सोडायची. इतकंच. पहिल्या दोन मुठींना ती चिडेल. मग तिच्या लक्षात येईल की प्रत्येक मूठ जवळपास तेवढीच भरते आहे. आणि ते बाबांच्याही लक्षात येईल, तिच्या आधी येईल, कारण त्यांचा डोळा आकड्याला सरावलेला आहे. ज्याला ते अंदाज म्हणत होते तो काट्यावर दर वेळी खरा उतरताना त्यांनी स्वतः वाचावा, ह्यासाठी हा सगळा खटाटोप.

आई त्याच दिवशी परत येईल असं मी म्हणत नाही. कदाचित मसाला मुरेपर्यंत राहील. कदाचित येईल आणि चिठ्ठ्यांपैकी निम्म्या फाडेल. तेव्हा बाबांनी गप्प बसावं, उरलेल्या निम्म्या ठेवून तिने आधीच बरंच दिलेलं असेल. हिंगाच्या डब्यावरची चिठ्ठी मात्र बाबांनी आधीच स्वतः काढून खिशात घालून न्यावी आणि तिच्या हातात द्यावी. काही बोलू नये. मावशींना आदल्या दिवशी फोन करून सांगा की त्या वेळी घरात शेजारीपाजारी कुणी नको, आणि मोबाइलवर कुणी फोटो काढायचे नाहीत.

महिन्याभराने मला लिहा. आईची मूठ किती ग्रॅमची भरली, तेही कळवा.